गौरीला घर दाखवताना

माझ्यावर जळणाऱ्यांची आमच्या गल्लीत कमी नव्हती. पेणकरपाड्यातल्या मिठागरवाल्यांच्या घरची मुलगी शिकायला जर्मनीला चाललीय म्हटल्यावर काहींनी पेढे खाल्ले आणि काहींनी पेढे खाऊन नाकं मुरडली. भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या काकूने तर आईला तोंडावर सांगितलं की पोरगी एकदा विमानात बसली की ती गेलीच म्हणून समज. मला हे सगळं फार आवडलं. लोक आपल्यावर जळतायत ही भावना अंगात चांगली ऊब आणते. तिकडचा पहिला हिवाळा मी बराचसा त्यावरच काढला.

मग मीच जळायला लागले. आणि तेही कुणावर, तर माझ्या सख्ख्या मामाच्या मुलीवर. मी गेल्यावर महिन्याभरात ती अलिबागहून आमच्याकडे राहायला आली. तिला इकडे नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि कॉलेज आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर होतं. आईने मला फोनवर सांगितलं, "तुझी खोली रिकामीच हाय ना, तिथं झोपंल ती." मी म्हटलं, झोपू दे की. दुसरं काय म्हणणार? पण 'रिकामीच' हा शब्द त्या दिवशी माझ्याबरोबर ट्राममध्ये चढला, लायब्ररीत बसला आणि परत खोलीवर आला.

मी तिथे पाण्यातलं मीठ वेगळं करण्याचं तंत्र शिकत होते. समुद्राचं खारं पाणी पिण्याजोगं कसं करायचं, त्याची यंत्रं, त्यांचे पडदे, त्यांचा खर्च. बाबांचं नाक्यावर रेती-सिमेंटचं दुकान आहे, पण त्यांचं बालपण मिठागरात गेलं. माझा विषय ऐकून ते म्हणाले होते की आपल्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या पाणी टाकून मीठ ठेवलं, तू आता मीठ टाकून पाणी ठेवणार, म्हणजे धंदा तोच. हा विनोद त्यांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितला.

माझं शहर लहान होतं. रविवारी दुकानं बंद, रस्ते बंद, माणसं बंद. हॉस्टेलच्या सामाईक स्वयंपाकघरात प्रत्येकाला एक फळी होती आणि माझ्या फळीवर आईने दिलेला आगरी मसाला, सुकट आणि सुके बोंबील. एकदा मी बोंबील भाजले. बाहेर बर्फ पडत होता, तरी शेजारच्या खोलीतल्या मुलाने येऊन एकेक करत सगळ्या खिडक्या उघडल्या. वर माझ्याकडे बघून हसला. मी थंडीत कुडकुडत बोंबील संपवले आणि त्यानंतर ती पिशवी कपाटात कपड्यांच्या खाली गेली. पुढे माझ्या सगळ्या स्वेटरना आमच्या जवळच्या उत्तन कोळीवाड्यातल्या वाळवणीचा वास यायचा. किनाऱ्याच्या भाटीवर, वाळूत मासळी वाळत असते तसा. मला तो लपूनछपून आवडायचा.

वसंतात आमच्या वर्गाची सहल ऑस्ट्रियात गेली, डोंगराच्या पोटातली मिठाची खाण बघायला. आम्ही पांढरे डगले घालून छोट्या गाडीतून आत गेलो, लाकडी घसरगुंडीवरून खाली उतरलो. गाईड सांगत होता की या मिठासाठी राजे एकमेकांशी लढले. मी मनात म्हटलं, आमच्याकडे राजे नाही, बिल्डर लढले. भिंतीला हात लावून मी बोट चाटलं. चव आमच्या मिठासारखीच होती. हे बाबांना सांगायचं म्हणून बाहेर आल्याबरोबर मी घरी व्हिडिओ कॉल लावला.

बाबा दुकानात होते. फोन मामेबहिणीने उचलला आणि मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवला. मला ओट्याचा कोपरा दिसत होता, आईचे हात, तिचे हात आणि परातीत चिंबोऱ्या. मी खाणीबद्दल सांगायला सुरुवात केली. आई "हां, हां" करत होती. मग म्हणाली, "थांब हां जरा," आणि तिच्याकडे वळली, "ए बाय, आधी नांग्या मोड. मागून धर, न्हायतर बोट गेलं समज." आणि तिचा हात आपल्या हातात घेऊन चिंबोरी मागून कशी धरायची ते तिला दाखवलं.

मी फोन धरून उभी. मागे बर्फाचे डोंगर, हातात खाणीतून विकत घेतलेला मिठाचा खडा. मला आईने आयुष्यात कधी चिंबोरीला हात लावू दिला नव्हता. "तू अभ्यास कर," हे एकच वाक्य मी स्वयंपाकघराच्या दारात ऐकलं होतं. आणि 'बाय' मी होते. आमच्या घरात 'ए बाय' म्हटलं की मी वळायचे, जगात दुसरं कुणी वळायचं नाही. वर्गातली मुलं फोटोसाठी हाका मारत होती. त्या फोटोत मी सोडून सगळे हसतायत.

त्याआधी गौरीच्या वेळी एकदा ठेच लागलीच होती. आमच्याकडे मुखवट्यांच्या उभ्या गौरी नसतात, तेरड्याची गौर असते. तेरडा पूर्वी आमच्याच बांधावर उगवायचा. आता बांधाच्या जागी टॉवर आहे, म्हणून जुडी भाईंदरच्या बाजारातून येते. घरातल्या लेकीने ती सुपात घालून गल्लीच्या तोंडाशी असलेल्या विहिरीवरून घरी आणायची. विहिरीवर आता लोखंडी जाळी आहे, पण आणायची तिथूनच. उंबऱ्यावर पाय धुतले की आई पुढे आणि गौर घेतलेली लेक मागे, अशी घरभर फेरी होते. गौर माहेरपणाला आलेली असते, तिला सगळं घर दाखवायचं असतं. आई प्रत्येक ठिकाणी विचारते, हिथं काय हाय? लेकीने सांगायचं, तांदूल. मग आई विचारते, किती? उत्तर ठरलेलं, उदंड. तेल किती? उदंड. मीठ किती? उदंड. अगदी शेवटी माझी खोली. हिथं कोन ऱ्हातं? लेक. लेकी किती? उदंड. मी एकुलती एक, त्यामुळे या उत्तरावर दरवर्षी सगळे हसायचे आणि बाबा म्हणायचे, "एकच उदंड हाय." शाळेत असल्यापासून हे उत्तर मी दिलेलं आहे.

मी गेले त्या वर्षी ते तिने दिलं. घरात दुसरी मुलगी नाही, गौर दारात थोडीच थांबवणार? फॅमिली ग्रुपवर फोटो आला. सूप हातात, डोक्यावर पदर, आणि साडी माझी हिरवी. सगळ्यांनी त्यावर बदाम टाकले. काकूने लिहिलं, "गौरच दिसते पोरगी." मी एक अंगठा टाकला आणि फोन उशीखाली ठेवून प्रयोगशाळेत गेले.

म्हणून दुसऱ्या वर्षी मी ठरवून गणपतीत आले. दर शनिवारी बेकरीत पाव रचून तिकीट काढलं आणि घरी सांगितलं की अभ्यासातून मोकळीक मिळाली आहे. खरं कारण एवढंच होतं की या वर्षी गौर मी आणणार होते. बाकी कुणी नाही.

विमानतळावरून घरी पोचले तर माझी खोली लख्ख. नवी चादर, उशीवर नवा अभ्रा, टेबलावर सीलबंद पाण्याच्या बाटल्या. मामेबहिणीने आपली गादी हॉलमध्ये हलवली होती. मला वाटलं, झालं, आपलं राज्य आपल्याला मिळालं. जेवायला बसले तर आईने माझ्यापुढे ती काचेची ताटली ठेवली, जी फक्त बाहेरच्या माणसांसाठी निघते. बाकी सगळ्यांना रोजच्या स्टीलच्या. मी म्हटलं, मला पण स्टीलची दे. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं, तू जेव." भाजी तिखट झाली नाही ना, पंखा जास्त नाही ना, उकडतंय का. नळाचं पाणी प्यायला गेले तर तिने ग्लास हातातून घेतला. तुला आता सोसणार नाही म्हणाली. ज्या पाण्यावर मी वाढले ते मला सोसणार नाही, आणि हे मला, जिचा विषयच पाणी आहे.

उठून भांडी घासायला घेतली की, ऱ्हाऊ दे. कपडे वाळत घालायला गेले की, ऱ्हाऊ दे, दमली असशील. आणि त्याच तोंडाने, त्याच मिनिटाला ती आत वळून मामेबहिणीवर ओरडायची. "डोले हायत का बटनं? किती वेला सांगितलं, तूप खालच्या फलीवर ठेव." दूध उतू गेलं की ओरडा. पंखा चालू राहिला की ओरडा. ओला टॉवेल पलंगावर टाकला की सगळ्यात मोठा ओरडा, कारण ओल्या टॉवेलने गादीला वास लागतो ही आईची आयुष्यभराची तक्रार आहे. आणि ती तक्रार माझ्यामुळे जन्माला आलेली आहे. पलंगावर ओला टॉवेल टाकणारी या घरातली पहिली मुलगी मी. तो ओरडा माझा होता.

सांगायला लाज वाटत नाही, मला त्या मुलीचा हेवा वाटायचा तो याचा. आईने तिला साडी दिली, पलंग दिला, चिंबोरी शिकवली, ते एकवेळ मी गिळलं असतं. पण ती तिच्यावर ज्या मोकळेपणाने ओरडायची, तो मोकळेपणा बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आणि ही बया ओरडा खाऊन वर हसायची. "हो गं आत्या, ठेवते," म्हणायची आणि पुन्हा तूप वरच ठेवायची.

एका सकाळी मी मुद्दाम आंघोळ करून ओला टॉवेल पलंगाच्या मधोमध टाकला आणि हॉलमध्ये पेपर वाचत बसले. आई खोलीत गेली. मी कान टवकारले. ती बाहेर आली तेव्हा टॉवेल तिच्या खांद्यावर होता. बाल्कनीत जाऊन तिने तो झटकला, दोरीवर टाकला, चिमटा लावला आणि मला विचारलं, "चहा टाकू का तुला?" मी हो म्हटलं. चहात साखर कमी होती, कारण तिकडे लोक कमी घेतात असं तिने कुठेतरी ऐकलं होतं.

मामेबहीण वाईट वागली असती तर बरं झालं असतं. पण ती माझ्याशी चांगलीच होती. तिकडे बर्फ कसा लागतो, एकटीने जेवताना टीव्ही लावतेस का, असं काहीबाही विचारायची. फक्त मधेच एखादं वाक्य टाकायची. मी आईसाठी आणलेलं चॉकलेट पुढे केलं तर म्हणाली, "ताई, आत्या हल्ली गोड खात न्हाय, शुगर वाढलीय ना तिची." मला हे माहीत नव्हतं. आईची शुगर वाढल्याचं मला अलिबागच्या मुलीकडून कळत होतं. एकदा आम्ही दोघी नया नगरच्या बाजारात गेलो. भाजीवाला तिला म्हणाला, "दीदी, आज मेथी ले जाओ, आंटी को पसंद है," आणि माझ्याकडे बघून, "मॅडम, आपको क्या चाहिये?" मी अर्धा किलो भेंडी घेतली, जी आमच्या घरात कुणी खात नाही.

गौरीच्या दिवशी मी हिरवी साडी नेसले. माझी. मामेबहिणीने उंबऱ्यापासून आतपर्यंत तांदळाच्या पिठाने मुठीची पावलं काढली होती आणि ती चांगली आली होती. विहिरीवर काकू, शेजारच्या दोघी-तिघी, आई, आणि माझ्या मागे थाळी वाजवायला मामेबहीण. मी सूप उचललं. तेरड्याला कसलाही भार नसतो, तरी माझे दंड भरून आले. गल्लीतून चालताना मी मान ताठ ठेवली होती. गेल्या वर्षीचा फोटो ज्यांनी ज्यांनी बघितला त्यांनी सगळ्यांनी बघावं, असं मला वाटत होतं.

उंबऱ्यावर पाय धुतले. आई पुढे झाली. देवघर झालं, हॉल झाला, आम्ही स्वयंपाकघरात आलो. ओट्याशेजारच्या उंच कपाटासमोर मी उभी राहिले, कारण तांदूळ तिथेच असतात.

"हिथं काय हाय?" आईने विचारलं.

"तांदूल," मी म्हटलं आणि एका हाताने सूप सावरत दुसऱ्या हाताने कपाट उघडलं.

आत नर्सिंगची जाडजूड पुस्तकं होती, इस्त्री केलेला पांढरा युनिफॉर्म होता आणि रक्तदाब मोजायचं यंत्र होतं. मागे कुणीतरी हसू दाबलं. थाळी वाजायची थांबली. मी वळले तर मामेबहीण डोळ्यांनीच मला खालचा खण दाखवत होती. काकूच्या तोंडावर मी जाण्याआधीचं ते 'गेलीच म्हणून समज' पुन्हा येऊन बसलं होतं. ती काही बोलायच्या आत आई घाईघाईने तिला म्हणाली, "तिला कसं ठाव असनार गं? ती परवाच आली ना."

आई माझी बाजू घेत होती, हे मला कळत होतं. पण बाजू पाहुण्यांची घेतात. हातात गौर नसती तर मी तिथेच खाली बसले असते. मी खालचा खण उघडला, तांदूळ दाखवले, किती ते सांगितलं. तेलाला, मिठाला हातही लावला नाही, मामेबहीण पुढे होऊन झाकणं उघडत गेली आणि मी उदंड, उदंड म्हणत गेले. सुपातली गौर माहेरपणाला आली होती, तिला घर दाखवावं लागत होतं. माझंही तेच चाललं होतं.

राहिली माझी खोली. दारात आई थांबली.

"हिथं कोन ऱ्हातं?"

"लेक."

"लेकी किती?"

इतकी वर्षं हे उत्तर तोंडातून आपोआप पडायचं. त्या दिवशी ते पडेना. उदंड म्हटलं की तिला धरून म्हटल्यासारखं होणार होतं. न म्हणावं तर गौर दारात तिष्ठत राहणार होती. माझ्या मानेमागे थाळी पुन्हा थांबली होती. ती ऐकायला थांबली होती, हे मला न वळताही समजलं. मला राग आला, तिचा, आईचा, त्या काचेच्या ताटलीचा. मी पुटपुटले, "उदंड."

"मोठ्यानं," आई म्हणाली. "गौरीला ऐकू जाऊ दे."

"उदंड," मी मोठ्याने म्हटलं.

दरवर्षी या उत्तरावर हसणाऱ्यांपैकी त्या वर्षी कुणी हसलं नाही. बाबांनीही 'एकच' म्हटलं नाही. मग मागून थाळी वाजायला लागली, आधी हळू, मग नीट. आईने खोलीचं दार ढकललं.

पलंगावर, नव्या चादरीच्या मधोमध, ओला टॉवेल पडला होता. या वेळी तो मुद्दाम टाकलेला नव्हता. साडी नेसायच्या गडबडीत मी खरंच विसरले होते. आईने टॉवेलकडे बघितलं, सुपाकडे बघितलं, आणि तिच्या नाकपुड्या फुगल्या.

"गौरीसमोर? आज? ह्यो कुनाचा?"

"माझा गं आत्या," मागून मामेबहीण म्हणाली. थाळी खाली ठेवून ती टॉवेल उचलायला पुढे झालीसुद्धा. मला वाचवायला आली होती. साडी, पलंग, चिंबोऱ्या, सगळं घेतलं होतं, आता एवढंच राहिलं होतं आणि तेही ती घ्यायला निघाली होती.

मी सुपासकट तिच्या आडवी गेले.

"माझा हाय," मी म्हटलं. "तिचा न्हाय. माझा."

 आईने कमरेला पदर खोचला.

"ए बाय," ती म्हणाली, "तिकडं काय गुरं राखायला गेलेलीस का? एवढी शिकली, इमानात बसली, टावेल वालत घालायची अक्कल न्हाय? नवी चादर घातली ती काय तुझी घान पुसायला? कवापासून सांगते, गादीला वास लागतो, गादीला वास लागतो, ऐकल तर शपथ. आन तू गं, हिला घालतेस पाठीशी? दोघी सारख्याच."

काकू म्हणाली, अगं गौर हातात आहे तिच्या, नंतर ओरड. आईने काकूलाही गप्प बसवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. दुधापासून, पंख्यापासून, मी सहावीत असताना हरवलेल्या छत्रीपासून.  गौर माझ्या दोन्ही हातांत होती, म्हणून डोळे पुसता येत नव्हते.